दोघांनी मिळून उघडायचा आकडा

धुळे, १९ जून २०२५

जिनेश,

'प्रिय' लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतंच नाव. मी फोन उचलत नाही म्हणून तू पप्पांना फोन करतोस, पप्पा मला हाक मारतात आणि मी बाथरूमची कडी लावून बसते. हा खेळ आता पुरे. तसंही फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. पत्रात मध्ये तोंड घालता येत नाही, एवढाच पोस्टाचा फायदा.

तू पप्पांना म्हणालास, "एवढ्याशा गोष्टीवरून रुसून गेली." ती एवढीशी गोष्ट मी एकदा नीट लिहून काढते. तुला सगळं माहीत आहे, पण इथे जो तो विचारतो आणि मी 'जाऊ द्या' म्हणते. 'जाऊ द्या' म्हणून म्हणून माझं तोंड कडू झालंय.

दलिचंदजींच्या ट्रस्टने जळगावात बांधून दिलेल्या प्रयोगशाळेत आपण दोघांनी कॅल्शियमचा एकच एक आयन विजेच्या पिंजऱ्यात धरून ठेवला. तो नेमका कुठला लाल रंग गिळतो, त्या रंगाची कंपनसंख्या लेझरच्या कंगव्याने मोजायची, पंधरा आकड्यांपर्यंत. पहिले बारा जगाला ठाऊक होते. सगळं भांडण शेवटच्या तिनांचं, आणि ते तीन परदेशातल्या एका गटाने आपल्याआधी छापले होते. एकदा दुसऱ्याचा आकडा डोक्यात बसला की आपली मोजणीही हळूहळू तिकडेच सरकते. म्हणून ही रीत: संगणक आपल्या मोजणीत एक गुप्त संख्या मिसळतो, ती आपल्यालाही कळत नाही. सगळ्या चुका अंधारातच शोधायच्या, दुरुस्त करायच्या. काम संपलं असं दोघं म्हणाले की मगच कुलूप काढायचं. कुलपाला दोन शब्द, एक तुझा, एक माझा. आकडा दोघांनी मिळून उघडायचा, आणि जे निघेल ते छापायचं, मग जगात हसं झालं तरी चालेल.

ही रीत जळगावात आणली कोणी? तू. लग्नाच्या मांडवातसुद्धा माझ्या मामांना समजावत होतास.

रविवारी दलिचंदजींना त्या कुलपाचा सोहळा करायचा होता. शाल, श्रीफळ, दोन पेपरवाले, केशरी पेढ्यांचे खोके. मी स्टेजमागे वायरचं बोर्ड शोधायला गेले, तर तिथे फ्लेक्सवाला अमीन गुंडाळी घेऊन उभा. म्हणाला, "मॅडम, जरा नजर टाका ना. साहेबांनी काल लई घाई केली." आणि त्याने फ्लेक्स उलगडला. तुझा मोठा फोटो, माझा लहान. 'खान्देशची मान उंचावली.' त्याखाली आकडा. पंधराच्या पंधरा.

"हा आकडा कुणी दिला?"

"साहेबांनीच. काल दुपारी. म्हणाले, कार्यक्रम आटोपला की लगेच गेटवर चढव. काही चुकलं का?"

मी नाही म्हटलं. त्याचं काय चुकलं होतं?

खरं सांगते, स्टेजवर येईपर्यंत मला वाटत होतं की तू नुसता अंदाज छापला असशील. उतावळा आहे, म्हटलं, फजिती होईल आणि आयुष्यभर चिडवायला होईल. मी माझा शब्द टाकला, तू तुझा टाकलास, दलिचंदजींनी बटण दाबलं. पडद्यावर तोच आकडा आला. शेवटच्या तीन आकड्यांसकट तोच, आणि परदेशी आकड्याला अगदी खेटून.

आणि तू तोंडावर हात ठेवलास. डोळ्यांत पाणी आणलंस! दलिचंदजींच्या पायांना हात लावलास, मग माझ्याकडे वळून म्हणालास, "चेलना, विश्वास बसतोय?"

बसला ना. तेव्हापासून कुणी केशरी पेढा पुढे केला की मी खोका तसाच परत करते.

चेलना


धुळे, ६ जुलै

जिनेश,

काल इथे बैठक झाली. तुझी आई, तुझे मोठे काका, इकडून पप्पा आणि त्यांची बहीण प्रेमकुंवर भुआ. तू आला नाहीस. तुला म्हणे मुलाखत होती.

आधी चहा, मग उसासे, मग तुझ्या काकांनी घसा खाकरून सुरुवात केली. "बेटा, मोकळेपणाने सांग. हात उगारतो का?"

"नाही."

"काही व्यसन?"

"नाही. चहासुद्धा अर्धा कप पितो."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग भुआने, ती तर कधीपासून त्याच प्रश्नासाठी टपून बसली होती, आवाज खाली आणून विचारलं, "मग कुणी दुसरी आहे का गं?"

"नाही भुआ. त्याने आकडा आधी बघितला."

 मग तुझे काका हसले, मग पप्पा हसले, शेवटी तुझी आईही पदराआड हसली. मला वाटलं, समोरची चकल्यांची प्लेट उचलून भिंतीवर मारावी. "अगं, नवऱ्याने एक आकडा बघितला तर काय बिघडलं? तोही स्वतःचाच?" काका म्हणाले. आणि भुआचा चेहरा तर पडलाच. दुसरी बाई असती तर निदान तिला काही सल्ला देता आला असता.

संध्याकाळी मात्र तीच माझ्या खोलीत आली. "मला नीट समजाव. तो कंगवा कंगवा काय आहे तुमचा?" मी तिची फणी घेतली. म्हटलं, समज, ही फणी प्रकाशाची आहे. लाखो दात, प्रत्येक दात वेगळ्या रंगाचा, आणि दोन दातांमधलं अंतर सगळीकडे सारखं, घड्याळावर बांधलेलं. आता न मोजलेला रंग या दातांच्या मध्ये ठेवला की तो जवळच्या दातापासून किती लांब आहे ते कळतं. दात मोजता येतात, म्हणून तोही मोजता येतो. तिने फणी दिव्यासमोर धरली. म्हणाली, "एक दात तुटला असेल तर?"

"तर ते शोधायचं. आमचं अर्धं आयुष्य तेवढंच शोधण्यात जातं."

"आणि जिनेशकुमारांनी?"

मी तिला जे सांगितलं तेच तुला सांगते, कारण तू अजूनही 'मी एकही नोंद बदलली नाही' असं म्हणत फिरतोस. नाही बदललीस, मान्य. पण मार्चमध्ये तू चोरून कुलूप काढलंस, हे त्या रविवारी घरी आल्यावर तुझ्याच तोंडून निघालं. आपला आकडा परदेशी आकड्यापासून लांब निघाला, तेव्हा तुला घाम फुटला. मग तू चुका शोधायला निघालास. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात एसी बंद पडला होता, कंगव्याला ताल देणारं घड्याळ तापलं होतं, ती चूक तुला सापडली. खरी होती. तुझी पाठ थोपटली मी, मूर्खासारखी. ती दुरुस्ती केल्याबरोबर आकडा त्यांच्याजवळ गेला आणि तू हात झटकून उभा राहिलास.

मी म्हणत होते, रुळावरून भुसावळकडे मालगाडी जाते तेव्हा आपलं चुंबकीय क्षेत्र हलतं, तेही बघू. तू म्हणालास, "आता पुरे झालं गं, किती कीस काढशील?" आता कळलं का पुरे झालं होतं. आकडा नावडता असेपर्यंत चूक शोधायची, आवडता आला की दुकान बंद. याला मोजणं नाही म्हणत, नाटकवाल्या. याला म्हणतात शेजारच्याला विचारून उत्तर लिहिणं.

भुआ ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे पोरगी बघायला गेला तेव्हा हुंडा आधीच ठरला होता." तेवढंच तिला कळलं, पण बैठकीतल्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त कळलं.

चेलना


धुळे, २३ जुलै

जिनेश,

कात्रण मिळालं. 'जळगावच्या दांपत्याची कामगिरी.' माझ्या परवानगीशिवाय माझं नाव पेपरात, माझ्या सहीशिवाय लेख छापायला. मी त्या विज्ञानपत्रिकेच्या संपादकांना कळवलं आहे की लेखावरचं माझं नाव काढावं. का काढावं, ते त्यांना सांगायचं काम मी तुझ्यावर सोडलंय. एक ओळ लिहायची आहे: 'कुलूप आधी उघडलं गेलं होतं.' तेवढं लिही आणि सोहळ्याच्या त्याच मांडवात, त्याच लोकांपुढे बोल. मी दुसऱ्या दिवशीच्या पारोळा मार्गे जळगाव बसमध्ये असेन. माझी मागणी एवढीच आहे. पहिल्या दिवसापासून एवढीच.

पण तू त्याऐवजी काय लिहितोस? 'तू माझ्यावर चिडली नाहीस, विज्ञानाच्या हट्टावर अडून बसली आहेस.' नाकाने कांदे सोलते असं म्हणायचं होतं ना? मग आज विज्ञान बाजूला ठेवते.

कुलपाला दोन शब्द होते. तुझ्याकडे माझा शब्द कुठून आला?

त्या रविवारी हेच विचारलं होतं. तू सोफ्यावर बसून बूट काढत होतास. वर न बघता हसून म्हणालास, "तुझा शब्द काय असणार ते मला कळणार नाही का? बायको आहेस माझी." कौतुक केल्यासारखं. बूट काढता काढता.

माझा शब्द 'सुगनी' होता. आई शेवटी इथल्या दवाखान्यात होती तेव्हा तिला मी ओळखू येत नव्हते. तिला वाटायचं की मी तिची लहानपणची, राजस्थानातल्या पालीची मैत्रीण. "सुगनी, घडा घे, पाणी आटलं तर?" असं म्हणायची आणि माझा हात धरून उठायला बघायची. मी सुगनी झाले. आठवडाभर मी तिला हो ला हो देत होते, की चल, निघू या. पप्पांना हे माहीत नाही, भुआला नाही. आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं, तेही दोन वर्षांनी, आणि तेव्हा तू रडला होतास. ते रडणं खरं होतं असं मी धरून चालले होते. आता तेही तपासावं लागणार.

तू बसून विचार केला असशील ना, की हिच्या आयुष्यात सगळ्यात आतलं काय? आणि सापडल्यावर खूश झाला असशील. माझ्या आईच्या शेवटच्या हाकेची तू चावी केलीस, जिनेश. मला तुझा राग येत नाही. राग आला असता तर बरं वाटलं असतं. मला किळस येते. ज्या कानाने तू ते ऐकलंस त्या कानाची, ज्या बोटांनी टाइप केलंस त्या बोटांची. लग्नाच्या अल्बमवर कापड टाकून ठेवलंय, वरच्याच फोटोत तुझी बोटं दिसतात म्हणून.

सोहळ्यात उघडली ती पहिल्या वर्षाची मोजणी. दुसऱ्या वर्षाच्या मोजणीचं कुलूप, तेही दोन शब्दांचंच, अजून कुणी काढलेलं नाही. ती मोजणी माझ्याकडेही आहे, तुझ्याकडेही. मालगाड्यांच्या नोंदी फक्त माझ्याकडे, कारण तेव्हा तू त्यांना कीस म्हणाला होतास. आणि निघण्याआधी मी माझा शब्द बदललाय. शोधत बसू नकोस. या वेळी तो माझ्या कुठल्याच दुखण्याचा नाही.

चेलना


धुळे, १४ ऑक्टोबर

जिनेश,

तुझी दोन पत्रं आली. उघडली नाहीत. कारण सांगते.

पुण्याच्या एका मैत्रिणीचा फोन आला होता. ती हसायलाच लागली. परदेशातल्या त्या गटाने स्वतःचा आकडा मागे घेतला. त्यांच्या पिंजऱ्याच्या उष्णतेचा हिशेब चुकला होता, ती चूक त्यांनीच शोधली, त्यांनीच जाहीर केली आणि नवा आकडा दिला. मी तिला ओरडून म्हटलं, "नवा सांगू नकोस!" आणि फोन ठेवला.

म्हणजे आता बघ. त्यांचा जुना आकडा चुकीचा होता, आणि तुझा त्याला चिकटून आहे. त्यांची चूक पिंजऱ्याच्या उष्णतेची. आपला पिंजरा वेगळा, आपला लेझर वेगळा, आपली चूक मालगाडीची असेल नाहीतर आणखी कशाची. मग दोन वेगवेगळ्या चुका एकाच ठिकाणी येऊन कशा बसल्या, हे जगातला कुणीही शहाणा माणूस विचारणार. दलिचंदजीही विचारतील, त्यांना उशिरा कळतं पण कळतं. तो फ्लेक्स अजून गेटवर आहे म्हणे. उन्हाने तुझा फोटो निळा पडलाय, आकडा तेवढा ठणठणीत आहे.

मला आनंद होईल असं वाटलं होतं. नाही झाला. जेवताना अचानक आठवलं की आपण पहिला आयन पकडला तेव्हा पडद्यावर तो ठिपका बघून तू कुणालाही न सांगता खाली जाऊन भरीत-भाकरी घेऊन आलास, आणि त्या ठिपक्यासमोर बसून आपण जेवलो. तो माणूस कुठे गेला? का तो कधी नव्हताच आणि मी माझ्या आवडीचा आकडा येईपर्यंतच बघितलं?

तुझी पाकिटं उघडली नाहीत कारण तुझ्या पोटात काही राहत नाही. तू त्यात नवा आकडा लिहिला असणार. आणि मी सध्या पप्पांच्या दुकानाच्या माळ्यावर बसून दुसऱ्या वर्षाच्या मोजणीत मालगाड्यांमुळे आलेल्या चुकीची दुरुस्ती करते आहे, अंधारात, रीतीप्रमाणे. खाली पप्पा पाण्याचे पंप विकतात, वर मी आयन. पेपर वाचत नाही, मैत्रिणींचे फोन घेत नाही. भुआ सगळ्यांना सांगते की पोरीने मौन धरलंय.

चेलना


धुळे, ९ नोव्हेंबर

जिनेश,

दुरुस्ती पुरी झाली. आता त्यात माझ्याकडून करण्यासारखं काही उरलं नाही. म्हणून काल तुझी पत्रं उघडली. म्हणजे मी नाही उघडली; कुलूप निघेपर्यंत तो नवा आकडा डोळ्यांपुढे नकोच होता.

आमच्या दुकानात झुलालभाऊ आहेत, तू त्यांना ओळखतोस, पंपाची खोकी उतरवतात. त्यांना खुर्ची दिली, चष्मा पुसून दिला आणि म्हटलं, "भाऊ, हे वाचून दाखवा. कुठे आकडा आला तर वाचायचा नाही, गाळायचा."

झुलालभाऊ वाचायला लागले. पहिल्या पत्रात माफी होती. 'माझ्या हातून घाई झाली.' चोरी झाली असं नाही, घाई झाली. दुसऱ्या पत्रात अर्ध्यावर येऊन ते थांबले आणि कागदावर एका जागी बोट ठेवलं.

"ताई, आठे आकडा शे."

"सोडा."

"मोठा शे. दोनदा लिखेल शे, खाले रेघ बी मारेल शे."

"सोडा म्हटलं ना भाऊ!"

मग पुढचं वाचलं. नवा परदेशी आकडा आला आहे. मालगाडीची दुरुस्ती केली तर आपलाही बरोबर तिथेच जाईल असं तुला वाटतं. तेव्हा मी मालगाडीच्या नोंदी पाठवाव्यात आणि माझा नवा शब्द कळवावा. दुसऱ्या वर्षाची मोजणी उघडून, जुळवून, ताबडतोब दोघांच्या सहीने सुधारित लेख टाकता येईल, मार्चच्या भानगडीचा कुठे उल्लेख नको, दोघांचीही अब्रू वाचेल. शेवटी 'तुझाच'.

झुलालभाऊंनी कागद नीट घडी करून परत दिला. चष्मा काढून म्हणाले, "जावाईबापू तुले लेवाले कव्हय येतीन, ते काही लिखेल नही."

मला न्यायला कधी येणार ते नाही लिहिलंस, खरंच. एवढ्या मोठ्या पत्रात शब्द माग, नोंदी माग, सही माग. बायको मागायची राहिली. आणि इतकं तोंडघशी पडूनही तू पुन्हा तेच करायला निघालास: आधी उत्तर बघायचं, मग चूक शोधायची. फक्त उत्तर बदललंय. ओकारी यावी असं हे आहे, आणि मला आली, खोटं सांगत नाही. झुलालभाऊंनी पाणी आणून दिलं.

आता माझं ऐक. हे शेवटचं पत्र आहे.

मला तुझ्या उत्तराची गरज नव्हती. दुसऱ्या वर्षाची मोजणी माझ्यासमोर आहे, दुरुस्ती झालेली, कुलूपबंद. माझा शब्द माझ्याकडे आहे. आणि तुझाही आहे.

पहिल्या दिवसापासून आहे. टाइप करताना तुझे ओठ हलतात, तुला कुणी सांगितलं नाही का? कुलूप बसवलं त्या दिवशी मी ठरल्याप्रमाणे तोंड फिरवलं होतं, पण समोरच्या काचेत तू दिसत होतास. बघायचं नव्हतं, दिसलं. तू माझं नाव टाकलंस. किती हसू आलं होतं मला, आणि किती छान वाटलं होतं, तेही आता सांगून टाकते. म्हटलं, या वेड्याने जगातलं सगळ्यात सोपं कुलूप लावलं.

म्हणजे मार्चमध्ये तू आईची हाक हुडकत होतास, तेव्हा मला फक्त स्वतःचं नाव लिहायचं होतं. परदेशी आकडा मागे घेतला गेला तेव्हाही. परवा दुरुस्ती पुरी झाली तेव्हाही. आजही. दार लावलेलं आहे, माळ्यावर कुणी येत नाही, आणि मला तो आकडा हवा आहे, जिनेश. तीन वर्षं घातली आहेत मी त्यात. एकदा बोटं नेली होती. मग उठून खाली गेले आणि पप्पांना पंपाची खोकी लावायला मदत केली.

तू आधी दलिचंदजींसमोर, त्याच लोकांपुढे, खरं बोल. तो फ्लेक्स उतरव. मग धुळ्याला ये आणि तुझा शब्द तुझ्या हाताने टाक, मी माझा टाकते. जे निघेल ते छापू. नव्या आकड्याशी जुळलं नाही, जगाने वेड्यात काढलं, तरी तेच छापू. त्यानंतर आपलं काय, ते मला आज माहीत नाही. तेही उघडल्यावरच कळेल.

आणि नाही आलास, तर ती मोजणी अशीच राहील. मी इथे बसून रोज तिच्याकडे बघेन, आणि माझं नाव लिहिणार नाही.

चेलना